स्क्रीन रीडर बसवला, तरी शाळेचे मराठी कागद वाचता का येत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा: शिरोळ तालुक्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत नववीत पूर्ण दृष्टिहीन मुलगी शिकते आणि याच वर्षी कार्यालयात एक दृष्टिहीन लिपिक रुजू झाले आहेत. दोघांच्या संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) आणि फोनवर तेच काम करणारं टॉकबॅक आहे. इंग्रजी नीट वाचलं जातं. पण शाळेची परिपत्रकं, प्रश्नपत्रिका आणि पावसाळ्यात गावच्या व्हॉट्सॲप गटावर येणाऱ्या पुराच्या सूचना दोघांनाही ऐकू येत नाहीत. आल्याच तर काहीतरी अगम्य बडबड ऐकू येते. आणखी महागडं सॉफ्टवेअर घ्यावं का, असं शिक्षकांनी विचारलं आहे.

नमस्कार सर. आत्ता काहीही विकत घेऊ नका. एनव्हीडीए मोफत आहे आणि या कामाला पुरेसा आहे. बिघाड कागद टाइप होतो त्या टेबलावर आहे आणि तो तिथेच दुरुस्त होईल. तुमच्या शाळेतला मजकूर ‘दिसायला मराठी’ आहे, संगणकाच्या लेखी तो मराठी नाही. हे एकदा लक्षात आलं की बाकीची बहुतेक कामं महिना-दीड महिन्यात मार्गी लागतात.

बडबड कुठून येते ते आधी पाहू. क्रुतीदेव, श्रीलिपीचे जुने फॉन्ट, आकृती, डीव्हीबी-टीटी सुरेख ही मंडळी युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणारी जगभरची पद्धत, रूढ होण्याआधीची. त्यांच्यात फाईलमध्ये प्रत्यक्ष साठवली जातात ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं; फॉन्ट फक्त त्यांच्यावर मराठी आकाराचा मुखवटा चढवतो. क्रुतीदेवमध्ये ‘भारत’ असं टाइप केलं तर फाईलमध्ये एच, के, के, जे, आर ही पाच अक्षरं असतात. डोळ्यांना भारत दिसतो. स्क्रीन रीडर मुखवटा पाहत नाही, तो साठवलेलं वाचतो, म्हणून कानावर ‘एच के के जे आर’ येतं. त्याची काही चूक नाही.

फाईल कोणत्या जातीची आहे हे तपासायला अर्धा मिनिट लागतो. वर्डमध्ये एक परिच्छेद निवडा आणि फॉन्ट बदलून ‘मंगल’ किंवा ‘निर्मला’ करा. मराठी तशीच राहिली तर फाईल युनिकोडमधली आहे. इंग्रजी अक्षरांचा चिवडा झाला तर जुन्या फॉन्टमधली आहे. फोनवर असाल तर तोच परिच्छेद व्हॉट्सॲपमध्ये चिकटवून पाहा, निकाल तोच येईल.

नवं टायपिंग आजपासूनच युनिकोडमध्ये सुरू करा. विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘वेळ आणि भाषा’ या विभागात मराठी भाषा जोडली की इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण कीबोर्ड मिळतो. विंडोज १० आणि पुढच्या आवृत्त्यांत उच्चाराप्रमाणे टाइप करायचा मराठी फोनेटिकही आहे. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदलते. इथे हमखास अडचण येते ती जुन्या टायपिस्टची. त्यांचा हात रेमिंग्टन या जुन्या टाइपरायटरच्या कळांवर बसलेला असतो आणि नवा कीबोर्ड शिकताना वेग निम्म्यावर येतो. त्यांना इनस्क्रिप्ट शिकायला भाग पाडू नका. रेमिंग्टनच्याच कळा ठेवून युनिकोड मजकूर देणारी साधनं उपलब्ध आहेत; श्रीलिपीच्या नव्या आवृत्त्यांतही तशी सोय असते. बोटं तीच राहतात, बदलतं ते फक्त फाईलमध्ये काय साठतं ते. बहुतेक कार्यालयांत हा बदल ‘आम्हाला जमणार नाही’ या एका वाक्यावर अडतो, आणि ते वाक्य कळांच्या धास्तीतून आलेलं असतं. ती धास्ती आधी काढा.

जुन्या फाईली सगळ्या बदलत बसू नका. रजेचे नियम, शुल्काचे तक्ते, दाखल्यांचे नमुने, गेल्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका एवढ्याच घ्या. फॉन्ट बदलून देणारी रूपांतरकं मिळतात, पण प्रत्येक जुन्या फॉन्टचा नकाशा वेगळा असतो. क्रुतीदेवचं रूपांतरक श्रीलिपीच्या फाईलवर चालवलं तर आणखी गोंधळ होतो. रूपांतर झाल्यावर चार जागा डोळ्यांखालून घाला: रफार शेजारच्या अक्षरावर सरकतो, पहिली वेलांटी पुढच्या व्यंजनाला चिकटते, मधूनच आलेले इंग्रजी शब्द देवनागरी होऊन बसतात, आणि कंस व टक्क्याची चिन्हं बदलतात. पाचवी जागा खास मराठीची आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे वेगळे शब्द आहेत. रूपांतरात हा अर्धा ऱ हमखास मरतो. तसंच ‘ॲ’ हे एक अक्षर आहे, पण ‘अ’ला वर चंद्र जोडून टाइप केलेला तसाच दिसतो. दोन्ही प्रकार एकाच नोंदवहीत मिसळले तर लिपिक ‘ॲडमिशन’ शोधतील आणि अर्ध्या नोंदी सापडणार नाहीत. शाळेने एकच प्रकार ठरवून घ्यावा.

मजकूर युनिकोडमध्ये आला, तरी वाचणारा आवाज इंग्रजी असेल तर तो देवनागरी गाळतो किंवा नुसते सांकेतिक क्रमांक बोलतो. एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट, कंट्रोल आणि एस या कळा एकत्र दाबून ई-स्पीक हे मजकूर बोलणारं साधन निवडा आणि आवाजाच्या सेटिंगमध्ये मराठी घ्या. आवाज यांत्रिक आहे, पहिल्या दिवशी नकोसा वाटतो. पण वेग वाढवला तरी शब्द फुटत नाहीत, म्हणून रोज तासन्‌तास वाचणारे बहुतेक जण शेवटी त्याच्याकडेच येतात. फोनवर गूगलचा मराठी आवाज मऊ आहे, पाठ्यपुस्तक ऐकायला तो बरा. याशिवाय वर्डमध्ये सगळा मजकूर निवडून ‘रिव्ह्यू’ टॅबमधून भाषा मराठी ठरवा. शाळेचं संकेतस्थळ असेल तर ते बांधणाऱ्याला पानाच्या कोडमध्ये भाषेची खूण मराठी ठेवायला सांगा. अनेक मराठी संकेतस्थळांवर ती इंग्रजीच राहून जाते आणि आवाज आपोआप बदलत नाही.

आता कागदाची बांधणी. डोळस माणूस ठळक मोठं अक्षर पाहून ‘हे शीर्षक’ असं समजतो. स्क्रीन रीडरला तो नुसता ठळक मजकूर असतो. वर्डमधली ‘हेडिंग’ शैली लावली (कंट्रोल, ऑल्ट आणि १) की ते खरं शीर्षक होतं, आणि वाचन-स्थितीत एच कळ दाबत एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी मारता येते. बारा पानांचं परिपत्रक सुरुवातीपासून ऐकत जाणं आणि दहा सेकंदांत ‘रजा’ या भागावर पोचणं, हा फरक एका शैलीचा आहे. स्पेसबार दाबून ओळी जुळवू नका. तक्ता हवा तर खराखुरा तक्ता घाला, खाने एकत्र जोडू नका, पहिली ओळ शीर्षओळ म्हणून ठरवा. एक्सेलमध्ये फी बाकी असलेल्यांच्या ओळी लाल करण्याची पद्धत सगळीकडे आहे. लाल रंग ऐकू येत नाही, म्हणून ‘बाकी’ असा एक स्तंभ वाढवा. तरंगत्या मजकूर-पेट्या पूर्ण बंद करा. त्यांतला मजकूर वाचताना सुटतो किंवा भलत्याच जागी येतो.

प्रश्नपत्रिकेबद्दल जास्त बोलायला हवं, कारण मुलीचे गुण इथे जातात आणि कोणाला कळतही नाही.

‘अधोरेखित शब्दाची जात ओळखा’ हा प्रश्न घ्या. अधोरेखन स्क्रीन रीडर सहसा सांगत नाही. मुलीला पूर्ण वाक्य ऐकू येतं, पण कोणता शब्द विचारलाय तेच कळत नाही. ‘या वाक्यातील सुंदर या शब्दाची जात ओळखा’ असं लिहिलं की प्रश्न सगळ्यांसाठी सारखा झाला. रिकाम्या जागेसाठी पंधरा टिंबं टाकली तर कधी ती पंधराही टिंबं वाचली जातात, कधी गाळली जातात आणि वाक्य सलग ऐकू येतं. तिथे ‘रिकामी जागा’ असे दोन शब्द लिहा. जोड्या लावा या प्रश्नात दोन स्तंभ स्पेसने जुळवले असतील तर ‘अ’ गटातला पहिला आणि ‘ब’ गटातला पहिला एका ओळीत वाचला जातो आणि चुकीची जोडी कानात बसते. आधी अ गट पूर्ण, मग ब गट पूर्ण असा क्रम घ्या. गणिताची सूत्रं चित्र म्हणून चिकटवू नका. समीकरण-साधनाने लिहा आणि शेजारी ‘एक्सचा वर्ग अधिक पाच एक्स’ असं शब्दांतही द्या. नकाशा भरा, आकृती पाहून उत्तर द्या अशा प्रश्नांना तितक्याच गुणांचा, तोच घटक तपासणारा लेखी प्रश्न शेजारी तयार ठेवा. त्या प्रश्नाची काठिण्यपातळीही तीच असावी. दया म्हणून सोपा केलेला प्रश्न मुलीला लगेच ओळखू येतो आणि तिचा अपमान होतो.

लेखनिकाची, म्हणजे मुलीने तोंडी सांगितलेलं उत्तर लिहिणाऱ्याची, व्यवस्था आत्तापासून बसवा, दहावीच्या फेब्रुवारीची वाट पाहू नका. जादा वेळ ताशी किमान २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक खालच्या इयत्तेतला हवा. खरी अडचण सरावाची असते. मनात तयार असलेलं उत्तर विरामचिन्हांसह, परिच्छेद पाडत सांगणं हे वेगळं कौशल्य आहे, आणि लेखनिकालाही शब्दशः लिहिण्याची सवय लागते. दर चाचणीत तोच लेखनिक बसवा. आजारपणासाठी दुसरा तयार ठेवा.

एवढ्यावरून लेखनिक आणि आवाज पुरे, ब्रेल कशाला, असं कोणी म्हणेल. ऐकून शुद्धलेखन येत नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला जवळजवळ सारखेच, बोटाला वेगळे. मराठीसाठी सहा बिंदूंची भारती ब्रेल आहे, आणि युनिकोड फाईल असेल तर ती ब्रेलमध्ये बदलणं संगणकाचं काम आहे. जुन्या फॉन्टच्या फाईलमधून ब्रेलही चिवडाच निघतो. ब्रेल पानावर साधारण २५ ओळी बसतात, ओळीत ३० ते ४० खण, म्हणून छापील एका पानाची ब्रेलमध्ये दोन-तीन पानं होतात. सगळं पुस्तक छापून घेण्यापेक्षा व्याकरण, कविता, गणिताची सूत्रं आणि शब्दसंग्रह ब्रेलमध्ये घ्या, बाकीचं ऐकू द्या. अवांतर वाचनासाठी २००८ मध्ये सुरू झालेलं ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक आणि २०१६ पासूनचं सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय माहीत असू द्या. छापील पुस्तक स्कॅन करून तिला देणं बेकायदा ठरेल अशी भीती शिक्षकांना वाटते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२ मध्ये दिव्यांग वाचकासाठी असं रूपांतर करण्याची स्पष्ट मुभा आहे.

स्कॅन करताना ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) ठेवा. गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडलं की मराठी मजकूर बऱ्यापैकी सुटून येतो. घ-ध, भ-म, ष-प इथे चुका होतात, त्या संदर्भाने कळतात. आकड्यांच्या चुका कळत नाहीत: १ चा ९ होतो आणि तारीख बदलते. आकडे आणि तारखा माणसाने तपासाव्यात.

पीडीएफबद्दल एक गैरसमज पक्का आहे, की युनिकोडमधून काढलेली पीडीएफ वाचता येतेच. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार साठतात. जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी आकारातून परत अक्षरांत येताना तुटतात. तपासण्यासाठी तुमच्या पीडीएफमधून ‘शिक्षण’, ‘पूर्ण’, ‘विद्यार्थ्यांना’ हे शब्द असलेला परिच्छेद नोटपॅडमध्ये चिकटवा. शब्द तुटले असतील तर आवाजातही तुटतील. पीडीएफ काढायचीच तर वर्डच्या ‘सेव्ह ॲज’मधून काढा आणि पर्यायांत ‘सुगम्यतेसाठी दस्तऐवजाची रचना’ या अर्थाच्या चौकटीत खूण करा. ‘प्रिंट टू पीडीएफ’ने शीर्षकांची सगळी रचना नाहीशी होते. सोबत वर्डची फाईलही पाठवा, हा सर्वांत भरवशाचा मार्ग.

लिपिकांच्या कामाचं सांगायचं तर, त्यांची जागा ‘टेलिफोन बघा आणि बसा’ अशी होऊ देऊ नका. आवक-जावक नोंद, पत्रव्यवहार, दाखल्यांचे मसुदे, पाठपुरावा ही कामं युनिकोड फाईलवर ते पूर्णपणे करू शकतात. शासकीय पोर्टलवर अडतं ते बहुधा चित्रातले आकडे ओळखून भरायच्या जागी. तिथे ध्वनीचा पर्याय किंवा मोबाईलवर येणारा ओटीपी नसेल तर तेवढी एक पायरी सहकाऱ्याने करावी, पुढचं काम लिपिकांकडेच राहावं. जे काम खरोखर होत नाही त्याच्या बदल्यात तितक्याच वजनाचं दुसरं काम द्या. नाहीतर वर्षभरात ‘यांना काही देता येत नाही’ असा शेरा तयार होतो, आणि तो खोटा असतो. हा उपकाराचा विषय नाही हे मुख्याध्यापकांनाही सांगा: १९ एप्रिल २०१७ पासून लागू असलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या व्याख्येत शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या संस्था ‘शासकीय आस्थापने’त मोडतात, आणि कलम २० प्रमाणे कर्मचाऱ्याला वाजवी सोयी पुरवणं हे आस्थापनेचं कर्तव्य आहे. कलम २३ प्रमाणे तक्रार निवारण अधिकारीही नेमावा लागतो.

राहिला पुराचा गट. शिरोळला कृष्णा-पंचगंगेचं पाणी नवं नाही, म्हणून हे सगळ्यांत आधी हातात घ्या.

सूचना वाचता येत नाही कारण ती सूचनेचा फोटो असते. टाइप करून, छापून, सही-शिक्का मारून, फोटो काढून गटावर टाकली जाते. अंध व्यक्तीच्या फोनला फक्त ‘छायाचित्र’ एवढंच कळतं. गावातल्या भोंग्यावर तीच सूचना दिली तर बहिऱ्या माणसाला ती पोचत नाही. दोन्ही मार्ग हवेत, आणि फोटोसोबत तोच मजकूर त्याच संदेशात टाइप केलेला हवा. सही-शिक्क्याचा कागद राहू द्या, तो खरेपणासाठी लागतो. पाण्याची पातळी नुसती ‘४१ फूट’ अशी टाकू नका. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ आणि धोका पातळी ४३ फूट आहे, म्हणून ‘४१ फूट, धोका पातळीला दोन फूट कमी’ असं लिहा. रंगीत तक्त्यातला पिवळा पट्टा सगळ्यांना दिसत नाही. सुरुवातीला लाल दिव्यांच्या दहा इमोजी लावू नका. फोन प्रत्येकीचं नाव वाचतो आणि मूळ सूचना मागे पडते. नमुना असा ठेवता येईल:

‘२६ जुलै, सकाळी ९. ग्रामपंचायतीची सूचना. नदीचं पाणी वाढत आहे. खालच्या गल्लीतील सर्वांनी आज दुपारी २ पर्यंत हायस्कूलच्या इमारतीत यावे. मारुती मंदिरापाशी ११ वाजल्यापासून ट्रॅक्टर उभा असेल. ज्यांना चालता येत नाही किंवा जे एकटे राहतात त्यांना घरून नेले जाईल. ग्रामसेवकांना फोन करावा. पुढची सूचना दुपारी १२ वाजता.’

तारीख आणि वेळ अगदी आधी, कारण असे संदेश दोन-दोन दिवस फिरत राहतात. पाठोपाठ हाच मजकूर तीस-चाळीस सेकंदांच्या ध्वनिसंदेशात द्या; ज्यांना वाचता येत नाही त्या आजीलाही तो उपयोगी पडतो.

संदेशाच्या मागे माणसं हवीत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने दिव्यांग व्यक्तींची नोंद ठेवायची असते. तुमच्या गावातली नावं त्यात आहेत का हे ग्रामपंचायतीमार्फत विचारून घ्या. गावातल्या यादीत प्रत्येकासमोर दोन शेजाऱ्यांची नावं लिहा. एकाचं घर आधी पाण्यात गेलं तर दुसरा हवा. अंध व्यक्तीला नेताना हात धरून ओढू नये: तिने तुमचं कोपर धरावं, तुम्ही अर्धं पाऊल पुढे चालावं, पायरी किंवा खड्डा आला की बोलून सांगावं. होडीत चढवताना तिचा हात आधी होडीच्या काठावर ठेवावा आणि बसायची जागा किती पावलांवर आहे ते सांगावं. बहिऱ्या माणसाला रात्री उठवायचं तर खिडकीतून टॉर्चची उघडझाप ही खूण आधी ठरवून ठेवा, अंधारात चेहरा दिसत नाही तेव्हा खाणाखुणा निकामी असतात. छावणीत नेताना पांढरी काठी, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, ब्रेल पाटी, औषधं आणि यूडीआयडी कार्डची (दिव्यांगांच्या ओळखपत्राची) प्रत एका प्लास्टिक पिशवीत असावी. चाकाची खुर्ची मागे राहिली तर माणूस छावणीत पोचूनही आठवडाभर एका जागी अडकतो, म्हणून ती त्याच फेरीत जायला हवी.

मेअखेरीस गटावर ‘चाचणी’ असं स्पष्ट लिहून असा एक संदेश पाठवा आणि तासाभराने त्या मुलीला, लिपिकांना आणि गावातल्या एका बहिऱ्या व्यक्तीला तीन गोष्टी विचारा: कुठे जायचं, किती वाजेपर्यंत, कोणाबरोबर. तिघांपैकी एकालाही कोणाला तरी विचारून उत्तर द्यावं लागलं तर मजकूर किंवा मार्ग बदला आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पाठवा.